घरी तेलुगू, शाळेत मराठी, क्लासमध्ये भूप

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगी नऊ वर्षांची, घर सोलापूरच्या पूर्व भागातलं, घरात तेलुगू, शाळा मराठी माध्यमाची आणि गेल्या वर्षापासून गाण्याचा क्लास. क्लासच्या सरांनी सांगितलं की संगीत हीसुद्धा एक भाषाच आहे, तिला स्वतःचं व्याकरण असतं. हे शब्दशः खरं मानायचं का? आणि खरं असेल तर तेलुगू, मराठी, हिंदी, इंग्रजी सांभाळणाऱ्या पोरीवर हा आणखी एक भार तर नाही ना? बंदिशी, म्हणजे रागात बांधलेली गीतं, बहुतेक ब्रज भाषेत असतात, त्यात तिचे उच्चार तेलुगू वळणाचे येतात म्हणून सर टोकतात, ही तुमची दुसरी काळजी.

मी सोलापुरात गाणं शिकवते. माझ्या वर्गात तेलुगू, कन्नड, मराठी आणि दखनी बोलणाऱ्या घरांतली मुलं पहिल्यापासून एकाच सतरंजीवर बसत आली आहेत, त्यामुळे तुमचा प्रश्न माझ्या रोजच्या कामातलाच आहे. भाराची काळजी अजिबात करू नका. त्याचं कारण पुढे येईलच. भाषेबद्दल विचाराल तर माझं मत असं: आवाज कसे घडतात, ते एकामागून एक कसे रचले जातात, ऐकणारा पुढच्याची वाट कशी बघतो आणि मूल हे सगळं कसं उचलतं, एवढ्या बाबतीत गाणं भाषेच्या अगदी जवळ आहे. अर्थाच्या बाबतीत मात्र ते भाषेपासून फार लांब आहे. शिकवताना घोटाळा होतो तो इथेच. जिथे साम्य आहे तिथे आपण त्याचा फायदा घेत नाही, आणि जिथे साम्य नाही तिथे ते मुलांवर लादतो.

साम्य सगळ्यात उघड दिसतं ते तबल्यात, म्हणून आधी तिकडे वळते. दिल्ली घराण्याचा प्रत्येक विद्यार्थ्याला सुरुवातीला मिळणारा कायदा, म्हणजे बोलांची ठरलेली रचना, घ्या: धाधा तिट धाधा तिंना, ताता तिट धाधा धिंना. दोन ओळी मोठ्याने म्हणून बघा. दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला 'धाधा'चं 'ताता' झालं. हातात काय बदललं? उजव्या हाताचा आघात तोच राहिला, डाव्या हाताचा डग्गा गप्प झाला. डग्ग्याची घुमणारी आस निघून गेली की आपण त्याला खाली म्हणतो, परत आली की भरी.

आता गळ्यावर दोन बोटं ठेवून नुसतं 'ग्' म्हणा आणि मग नुसतं 'क्' म्हणा. 'ग्'ला बोटांना कंप जाणवतो, 'क्'ला जाणवत नाही. शाळेच्या व्याकरणात यालाच घोष आणि अघोष म्हणतात. वर्णमाला लावणाऱ्यांनी प्रत्येक वर्गातली पहिली दोन व्यंजनं अघोष आणि पुढची तीन घोष अशी लावली आहेत. तबल्याच्या बोलांनी नेमकी हीच रेघ पकडली: डग्गा घुमत असेल तर ध, घ, ग आणि बंद असेल तर त, क, ट. 'धा'चा 'ता', 'धिं'चा 'तिं', 'गे'चा 'के'. 'ना'सारखा एखादा बोल यात बसत नाही, कारण तो नुसत्या चाटेवरचा, म्हणजे तबल्याच्या कडेवरचा, असूनही घोष आहे. पण एकूण रचना इतकी पक्की आहे की मुलाने तबला हातात न घेता नुसती पढंत केली, म्हणजे बोल तोंडाने म्हटले, तरी कानाला खाली कुठे आली ते कळतं. ज्यांनी हे बोल ठरवले त्यांनी माणसाच्या तोंडातली यंत्रणाच चामड्यावर उतरवली. डग्गा म्हणजे इथे कंठ आहे, असं मी मुलांना सांगते आणि ते त्यांना लगेच पटतं.

म्हणूनच चांगल्या तबला वर्गात आधी तोंडाने म्हणायला लावतात, हात नंतर. जे तोंडाला येत नाही ते बोटांना येत नाही. तुमच्या मुलीच्या उच्चारांचा प्रश्नही इथेच येतो. घरच्या बोली तेलुगूत महाप्राण, म्हणजे हकार असलेली व्यंजनं, बऱ्याचदा सैल पडतात, 'भ'चा 'ब' होतो, 'ध'चा 'द' होतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, कारण मराठी घरातल्या मुलांच्याही खोडी आहेत. बंदिशीत 'जा' शब्द आला की ती आपल्या 'जाणे'मधला दातांजवळचा ज लावतात, जो ब्रजमध्ये नाहीच. 'एरी' या शब्दाचं 'येरी' तर आपल्याकडे सगळेच करतात, कन्नड, तेलुगू, मराठी कुणीही असो. उपाय साधा आहे. तळहात ओठांपासून चार बोटांवर धरायचा, 'ब' म्हणायचं आणि मग 'भ' म्हणायचं. 'भ'ला हाताला फुंकर लागली पाहिजे. बंदिशीतले असे शब्द सुराशिवाय पाच-दहा वेळा म्हटले की ते जागेवर येतात. सरांनी टोकलं तर बरंच केलं, फक्त 'तुझं तेलुगू आड येतं' असं कुणी म्हणू नये. तेलुगू आड येत नाही. एका सवयीच्या शेजारी दुसरी सवय लावायची असते.

आणि जिथे तिला तेलुगूचा थेट फायदा होतो ती जागा आता सांगते. आपलं तुकोबांचं सगळ्यांना पाठ असलेलं चरण घ्या: सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी ठेवोनिया. मोठ्या अभंगाचा साचा सहा, सहा, सहा, चार अक्षरांचा. पण बोलताना आपण 'सुंदर्' म्हणतो, 'ध्यान्' म्हणतो, 'कर्' म्हणतो. बोलीत पहिला तुकडा चारच अक्षरांत संपतो: सुं, दर्, ते, ध्यान्. गायला घेतला की सहा होतात: सुं, द, र, ते, ध्या, न. 'कर कटावरी'चंही तसंच, बोलताना पाच, गाताना सहा. आपल्या बोलण्यातून शब्दाच्या शेवटचा 'अ' कधीच गळून गेला, पद्याने आणि गाण्याने तो जपून ठेवला. सूर स्वरावरच उभा राहू शकतो. 'ध्यान्' म्हणून न्‌वर तोंड मिटलं तर पुढे गायला काही उरत नाही.

मराठी घरातल्या मुलांना हा 'अ' परत आणायला मी महिनोन्‌महिने सांगत असते. ती व्यंजनावर शब्द तोडतात. तेलुगू घरातल्या मुलांना हे सांगावंच लागत नाही, कारण तेलुगूत बहुतेक शब्द स्वरावरच संपतात. आपण 'राम' म्हणताना शेवटी ओठ मिटतो, तेलुगूत तो 'रामुडु' होतो आणि तोंड उघडं राहतं. कन्नडमध्ये तर बाहेरून आलेल्या शब्दालाही स्वर जोडतात, बसचं 'बस्सु' होतं. कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार त्यागराज (१७६७–१८४७) यांचं आयुष्य तमीळ मुलखात, तिरुवैयारूला गेलं, पण त्यांच्या बहुतेक कृती तेलुगूत आहेत. घरची परंपरा हे त्याचं मोठं कारण. पण तेलुगू गायला सोयीची आहे हे दक्षिणेतले अनेक गायक मान्य करतात. म्हणजे तुमची मुलगी घरून काहीतरी घेऊनच क्लासला येते.

आता व्याकरण. सरांनी तो शब्द वापरला असेल तर बरोबर वापरला आहे. भूप रागात सा रे ग प ध हे पाच स्वर, म आणि नी वर्ज्य. देसकारमध्येही हेच पाच, शुद्धच. अक्षरं सगळी तीच. तरी जाणकार माणूस दोन आलापांत सांगतो की हा भूप आणि हा देसकार. भूप खालच्या अंगात रमतो, गंधारावर वजन, 'ग रे सा ध़ सा रे ग' असा वळसा घेऊन येतो. देसकार वरच्या अंगात राहतो, धैवतावर ठाम उभा राहतो, 'सां ध प, ग प ध प' असा उतरतो, आणि खाली गंधार-रिषभावर रेंगाळत नाही. भूप गाताना धैवतावर जरा जास्त थांबलं की देसकार डोकावतो. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिघांचंही असंच, स्वर तेच, वागणं वेगळं. बोलण्यातसुद्धा आपण हे दिवसभर करतो. 'मी उद्या पंढरपूरला जाणार' या वाक्यात 'मी'वर जोर दिला तर एक निघतं, 'उद्या'वर दिला तर दुसरं. 'तू जेवलीस' आणि 'तू जेवलीस?' यांत एकही अक्षर बदलत नाही, फक्त शेवटचा सूर वर जातो आणि विधानाचा प्रश्न होतो. 'का' लावायचीसुद्धा गरज पडत नाही.

राग म्हणजे नुसती सप्तकातली निवड असं मुलांना सांगितलं, वहीत आरोह-अवरोह लिहून दिले, की मुलं स्वर बरोबर लावतात आणि राग मात्र होत नाही. व्याकरणाचं पुस्तक पाठ करून जसं कुणाला बोलता येत नाही तसंच हे. मराठी घरातलं चार वर्षांचं मूल 'माझा आई' म्हणत नाही. त्याला लिंग, विभक्ती, काही माहीत नसतं, पण 'माझा आई' त्याच्या कानाला खटकतं. रागाचं व्याकरण असंच कानात बसायला हवं. भूपात कुणी मध्यम लावला तर नियम आठवायच्या आधी कपाळाला आठी पडली पाहिजे. पुरेसं ऐकलेल्या मुलांच्या बाबतीत हे होतं, आणि मी ते रोज बघते.

मला सगळ्यात जवळचं वाटणारं साम्य आणखी एका ठिकाणी आहे, वाट बघण्यात. मराठी, तेलुगू, कन्नड या तिन्ही भाषांत क्रियापद शेवटी येतं. 'काल नव्या पेठेत भेटलेल्या त्या बाईंना मी चादर...' इथे मी थांबले तर तुम्ही पुढे झुकता. दिली? विकली? दाखवली? की दिलीच नाही? आपल्याकडे नकारसुद्धा सगळ्यात शेवटी येतो. ऐकणारा पूर्ण वाक्य हातात धरून क्रियापदाची वाट बघतो, ते आलं की सगळं एकदम जागेवर बसतं. ख्यालात ही जागा समेची, म्हणजे तालाच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची. विलंबित एकतालात बारा मात्रांचं एक आवर्तन पाऊण मिनिटसुद्धा चालू शकतं. गायक त्यात कुठेही फिरो, मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, उचलला की मैफलीतल्या प्रत्येकाला कळतं की आता सम येणार. हुतात्मा स्मृती मंदिरात बसलेल्या, गाणं अजिबात न शिकलेल्या माणसाचीही मान समेवरच हलते. एक फरक लक्षात घ्यायला हवा. क्रियापद कधी येणार हे बोलणारा ठरवतो, सम कधी येणार हे तालाने आधीच ठरवलेलं असतं. म्हणून भाषेत उत्सुकता 'काय येणार' याची असते, आणि गाण्यात 'कसं येणार' याची. तिहाई याच उत्सुकतेवर उभी असते: तोच तुकडा तीनदा, तिसऱ्याचा शेवट समेवर, आणि सगळ्यांना ते माहीत असूनही प्रत्येक वेळी अंगावर काटा येतो.

हे आपल्या लोकांना फार पूर्वीपासून दिसलं होतं. पाणिनीने उदात्त, अनुदात्त आणि स्वरित हे उच्चारांचे चढ-उतार व्याकरणात नोंदवले, आणि 'पाणिनीय शिक्षा' या उच्चारशास्त्राच्या ग्रंथात त्यांची सांगड थेट संगीताच्या सात स्वरांशी घातली आहे: निषाद-गंधार उदात्तात, रिषभ-धैवत अनुदात्तात, षड्ज-मध्यम-पंचम स्वरितात. तेराव्या शतकात आपल्याच देवगिरीला, यादवांच्या दरबारात, शार्ङ्गदेवाने 'संगीत रत्नाकर' लिहिला. तो म्हणतो की नादातून वर्ण व्यक्त होतो, वर्णातून पद, पदातून वाक्य, आणि वाक्यावर जगाचा सगळा व्यवहार चालतो, म्हणून जग नादाच्या आधीन आहे. संगीताचा ग्रंथ, आणि त्याच्या पायात भाषा घातलेली.

बोलणं आणि गाणं यांच्यात नेमकी भिंत कुठे आहे हे शोधायला गेलं तर ती जागा सरकत राहते. डायना डॉइच या कॅलिफोर्नियातल्या संशोधक आहेत. १९९५ मध्ये स्वतःच्या ध्वनिमुद्रित व्याख्यानातला एक छोटा तुकडा त्या तपासण्यासाठी पुन्हा पुन्हा वाजवत होत्या, आणि काही वेळाने तो त्यांना गायल्यासारखा ऐकू यायला लागला. आवाजात काहीही बदल केलेला नव्हता, फक्त पुनरावृत्ती होती. आपल्याला यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. जानेवारीत सोलापुरात सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीत उभं राहावं. 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' ही आरोळी पहिल्यांदा ऐकताना आरोळीच असते. तासाभराने ती तुमच्या कानात सूर धरून राहते, घरी आल्यावर तुम्ही ती ज्या पट्टीत ऐकली त्याच पट्टीत गुणगुणता. वारीतला 'ज्ञानोबा-तुकाराम'चा गजरही तसाच. नामाचा उच्चार कुठे संपला आणि चाल कुठे सुरू झाली हे कुणालाच सांगता येणार नाही. सिद्धरामेश्वरांची कन्नड वचनं तर गद्याच्याच जवळची, छंदाचं बंधन नसलेली. बाराव्या शतकातल्या शरणांची, म्हणजे शिवभक्त संतांची, अशी वचनं पुढे ख्यालगायक मल्लिकार्जुन मन्सूरांनी रागांत गायली आणि ती मुळातच गाण्यासाठी असावीत असं वाटलं.

एवढं साम्य सांगितल्यावर आता फारकतीकडे येते, आणि ही मोठी आहे.

'उद्या नळाला पाणी येणार नाही.' सोलापुरात या वाक्याचं महत्त्व कुणाला सांगायला नको. हे वाक्य कुठल्याही रागात, कुठल्याही तालात, जगातल्या कुठल्याही वाद्यावर शब्दांशिवाय सांगून दाखवा. जमणार नाही. संगीताला 'नाही' म्हणता येत नाही. त्याला 'उद्या' नाही, 'काल' नाही, 'तू' आणि 'मी' नाही. मल्हार ऐकून पाऊस आठवतो तो आपण मल्हाराबरोबर पाऊस ऐकत वाढलो म्हणून. परक्या मुलखातल्या माणसाला त्यात ढग दिसतीलच असं नाही. काही गोष्टी मात्र शब्दांशिवाय सगळीकडे पोचतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात निरनिराळ्या देशांतल्या लोकांना अनोळखी समाजांतल्या गाण्यांचे छोटे तुकडे ऐकवले, तेव्हा अंगाई कोणती आणि नाचाचं गाणं कोणतं हे त्यांनी बऱ्यापैकी ओळखलं. संगीत आपली नजर एखाद्या वस्तूकडे वळवत नाही, आपल्या शरीराला काय करायचं ते सांगतं: झोप, नाच, थांब, धाव. याला अर्थ म्हणायचं असेल तर म्हणा, पण तो शब्दाच्या अर्थासारखा नाही.

दुसरी फारकत पुनरावृत्तीची. मी तुम्हाला एकच वाक्य वीस वेळा सांगितलं तर तुम्ही उठून जाल. बडा ख्याल गाणारा दोन ओळींची बंदीश घेऊन अर्धा-पाऊण तास बसतो, मुखडा तोच, दर आवर्तनाला, आणि आपण ऐकत राहतो. भाषेत सांगून झालं की काम संपतं. गाण्यात सांगणं हेच काम असतं. तराण्यात तर शब्दही उरत नाहीत, 'नोम् तोम् तन देरे' एवढंच. आणि त्याहून कितीतरी जुन्या सामगायनात ऋचांच्या मध्ये 'हाउ', 'होइ' असे निरर्थक स्तोभ घातलेलेच होते. तिसरी गोष्ट एकत्र बोलण्याची. दोघं एकदम बोलले तर काही कळत नाही. तंबोरा, तबला, हार्मोनियम आणि गळा एकदम बोलले तर मैफल होते.

मेंदूबद्दल बरेच पालक विचारतात, कारण 'संगीताने भाषा सुधारते' असं कुठेतरी वाचलेलं असतं. यात सावधपणे बोलायला हवं. २००१ मध्ये लाइपझिगच्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं की सुरावटीत अनपेक्षित सूरमेळ आला की मेंदूच्या ब्रोका भागात हालचाल दिसते, आणि हा भाग वाक्यरचनेशी जोडलेला समजला जातो. त्यावरून दोन्हींची यंत्रणा एकच असं खूप लिहिलं गेलं. पुढे एमआयटीतल्या संशोधकांनी प्रत्येक माणसाचा भाषेचा भाग आधी वेगळा ओळखून मग त्याला संगीत ऐकवलं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात भाषेचे भाग संगीताला फारसा प्रतिसाद देत नव्हते. माणसांच्या आयुष्यातही ही फारकत दिसते. व्हिसारिओन शेबालिन हा रशियन संगीतकार. १९५९ मध्ये दुसऱ्या पक्षाघाताने त्याचं बोलणं आणि दुसऱ्याचं समजणं फार बिघडलं, तरी त्याने रचना करणं सोडलं नाही आणि १९६२ मध्ये पाचवी सिंफनी पूर्ण केली. याच्या उलट, जन्मापासून सूर ओळखता न येणारी माणसं असतात, आणि त्यांचं बोलणं अगदी व्यवस्थित असतं.

आणि तरीही गाणं भाषेला हात देऊ शकतं. पक्षाघातानंतर एक शब्द न बोलू शकणारी आजी जुना अभंग सुरू केल्यावर शब्दांसकट म्हणते, हे अनेक घरांनी पाहिलं आहे. बॉस्टनमध्ये १९७३ मध्ये याच आधारावर एक उपचारपद्धती मांडली गेली, वाक्यं आधी सुरात आणि हाताच्या ठोक्यावर म्हणायची, मग हळूहळू सूर काढून घ्यायचा. यात काम सूर करतो की ठेका करतो यावर अजून वाद आहे. तबला वाजवणाऱ्यांचा कौल तुम्हाला माहीत आहेच, आणि माझाही तिकडेच आहे.

आता भाराचा मुद्दा. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन ते पाच दिवसांच्या साठ बाळांचं रडणं तपासलं, तीस फ्रेंच घरांतली आणि तीस जर्मन. फ्रेंच बाळांचं रडणं बहुतेक वेळा चढत जाणारं, जर्मन बाळांचं उतरत जाणारं, त्या-त्या भाषेच्या चालीसारखं. म्हणजे शब्द कळायच्या कितीतरी आधी, आईच्या पोटातच, मूल भाषेची चाल उचलतं. तुमच्या मुलीने आयुष्यात पहिलं संगीत ऐकलं ते तेलुगू बोलण्याचं. मग गल्लीतली मराठी, शेजारची कन्नड, रस्त्यावरची दखनी, आणि त्या सगळ्याखाली दिवसभर चालणारा विणकराचा माग. मागाचे ठोके एकसारखे असतात, तरी कान त्यांचे जोड्या-चौकड्यांत गट पाडतो, एकावर वजन देतो. माझ्याकडे आलेली मागाच्या घरांतली मुलं ठेका लवकर धरतात असं मला वाटत आलंय. अनेक भाषांच्या चाली वेगवेगळ्या ठेवण्याची सवय ज्या कानाला आहे, त्याला भूप आणि देसकार वेगळे ठेवणं अवघड जाऊ नये.

सरांशी बोलताना मागायच्या गोष्टी सांगते. बंदीश वहीत उतरवून घेण्याआधी तिचा अर्थ मुलीला तिच्या भाषेत समजावून द्यावा. मग कवितेसारखी वाचून घ्यावी, मग हाताने ताल धरून सुराशिवाय म्हणून घ्यावी, आणि त्यानंतर गायला लावावी. स्वरलिपी शेवटी. पंडित भातखंड्यांनी आणि पलुस्करांनी स्वरलिपी तयार करून आपल्यावर मोठे उपकार केले आहेत, पण लिपी ही बोलता येणाऱ्यासाठी असते. आपण मुलांना आधी बोलू देतो, दोन-चार वर्षांनी 'ग म भ न' गिरवायला लावतो.

आणि क्लासमध्ये बोलणं हवंच. मी काय करते ते सांगते. भूपात 'सा रे ग, प ग, रे' असं गाऊन रिषभावर थांबते आणि मुलीकडे बघते. रिषभावर काहीतरी अर्धवट राहिलंय हे तिला जाणवतं. ती आधी बिचकते, मग 'ग रे सा' असं काहीतरी गाऊन घरी, म्हणजे षड्जावर ('सा'वर), येते. पुढच्या वेळी मी पंचमावर थांबते, तिथून घरी यायला तिला मोठं वाक्य लागतं, 'ध प ग, रे, सा'. काही आठवड्यांत ती मलाच प्रश्न विचारायला लागते आणि मुद्दाम अवघड जागी थांबते. त्यात एकदाही 'आरोह', 'वादी' हे शब्द आलेले नसतात, आणि भूपाचं निम्मं व्याकरण झालेलं असतं. पाठ केलेल्या पाच ताना गाणारं मूल आणि स्वतःची दोन वाक्यं सुरात बोलणारं मूल, यांत मी दुसऱ्याला पुढचं मानते, परीक्षेत गुण पहिल्याला जास्त पडले तरी. प्रारंभिक परीक्षेची घाई करू नका. वर्षभर उशिरा दिली तर काही बिघडत नाही.

घरी तुमच्याकडून एकच गोष्ट हवी. तेलुगू, कन्नड, मराठी, तिन्ही घरांत बाळाला 'जो जो' म्हणूनच झोपवतात. तेलुगू संतकवी अन्नमाचार्यांची 'जो अच्युतानंद' ही अंगाई तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना येत असेलच. ती तिला शिकवा, तेलुगूतच, वही न देता, रोज झोपताना. क्लासमध्ये तिला जी पट्टी दिली आहे, या वयात बहुधा हार्मोनियमची काळी चार किंवा काळी पाच असेल, त्याच पट्टीचा तंबोरा मोबाइलवर मंद लावून ठेवा म्हणजे षड्ज हलणार नाही.